जलरेषेखालचे शौचकूप

नौकानयनावरील ग्रंथांत शिडांच्या आकारांची, दोरांच्या गाठींची, होकायंत्राच्या दोषांची आणि नक्षत्रांवरून स्थाननिश्चिती करण्याच्या रीतींची चर्चा पानेच्या पाने चाललेली असते. परंतु तीस-पस्तीस फुटांच्या शिडाच्या नौकेत चार माणसांना आठ दिवस सुखाने राहावयाचे असेल, तर ज्या एका उपकरणावाचून त्यांचे दुसऱ्याच दिवशी अडेल, त्या शौचकूपाचा विषय बहुधा परिशिष्टात ढकललेला आढळतो. हा संकोच समजण्यासारखा असला तरी महागात पडणारा आहे. नौकेच्या बुडाला जलरेषेखाली जाणूनबुजून पाडलेल्या दोन भोकांशी हे शौचकूप जोडलेले असते. एका भोकातून समुद्राचे पाणी आत घेतले जाते, दुसऱ्यातून ते मैल्यासह बाहेर लोटले जाते, आणि ही ये-जा दिवसातून अनेक वेळा, पुष्कळदा अनभ्यस्त पाहुण्यांच्या हातून, घडत असते. शिडे, डोलकाठी, सुकाणू यांपैकी कोणत्याही साधनाच्या द्वारे समुद्राला अशी नित्याची वाट दिलेली नसते. म्हणून शौचकूपाची निगा आणि वेळ येताच त्याची बदली यांचा विचार स्वच्छतेच्या बरोबरीने नौकेच्या तरंगण्याच्या दृष्टीनेही झाला पाहिजे, अशी माझी धारणा आहे, आणि हे प्रकरण त्याच दृष्टीने लिहिले आहे.

मोठ्या गलबतांच्या युगात ही जोखीम नव्हती, कारण तेव्हा शौचाची जागा पाण्याच्या पुष्कळ वर असे. शिडाचे जहाज बहुधा पाठीमागून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर चालत असल्यामुळे दुर्गंधी पुढे निघून जावी आणि नाळेवर उसळणाऱ्या लाटांनी जागा आपोआप धुतली जावी, या दुहेरी विचाराने खलाशांसाठी नाळेपुढील जाळीदार सज्जावर भोके पाडलेली आसने बसवीत. १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेले आणि १९६१ साली पाण्याबाहेर काढलेले वासा हे स्वीडिश युद्धजहाज आज तेथील संग्रहालयात उभे आहे, आणि त्याच्या नाळेवर अशी आसने पाहावयास मिळतात. अधिकाऱ्यांची सोय पिछाडीच्या झाकलेल्या सज्जात केलेली असे. नाळेवरच्या उघड्या आसनावर वादळी रात्री बसणे किती जिवावरचे होते याची कल्पना सहज करता येईल. परंतु त्या व्यवस्थेत एक गुण निःसंशय होता, तो हा की तिच्यामुळे जहाजात पाणी शिरण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

घरातील शौचकूप गुरुत्वाकर्षणावर चालते. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग याने लंडनमध्ये ज्या वाकड्या नळीचे पेटंट घेतले, तिच्यात पाणी साचून राहते व गटारातील वायू घरात येत नाही. वरच्या टाकीतले पाणी सोडले की मैला त्या वळणातून खाली ओढला जातो. या साऱ्या रचनेचे गृहीतक असे की गटार भांड्याच्या खाली आहे. लहान नौकेत हे गृहीतकच उलटे होते. नौकेच्या तळघराची उंची माणूस जेमतेम उभा राहील इतकी असते. भांडे तक्तपोशीवर ठेवले, की त्याची कड कित्येकदा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली किंवा तिच्या जवळपास येते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिमिंग्टन येथे १९७१ पासून बांधल्या जाऊ लागलेल्या कॉन्टेसा ३२ या सुप्रसिद्ध वर्गासारख्या अरुंद, खोल बुडाच्या नौका डोळ्यांसमोर आणाव्या: दिवाणखाना आणि पुढची निजण्याची खोली यांच्यामधल्या कपाटवजा जागेत शौचकूप बसविलेले, वारा भरला की संपूर्ण नौका एका कुशीवर कललेली, आणि क्षणापूर्वी पाण्याच्या वर असलेली भांड्याची कड आता पाण्याखाली गेलेली. येथे मैला खाली पडत नाही. त्याला समुद्राच्या दाबाविरुद्ध वर उचलून बाहेर ढकलावा लागतो.

हे काम करणारा हातपंप अगदी साधा, परंतु विचारपूर्वक घडविलेला असतो. भांड्याच्या बाजूला एक उभे नळकांडे असून त्यात दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्याच्या वरच्या बाजूने समुद्राचे स्वच्छ पाणी ओढून भांड्यात सोडले जाते आणि खालच्या बाजूने भांड्यातील मैला शोषून बाहेरच्या नळीत लोटला जातो. म्हणजे दट्ट्याच्या एकाच हालचालीत दोन्ही कामे होतात. नळकांड्याच्या माथ्यावर एक लहान खिट्टी असते. ती एका बाजूला केली की पाणी आत येणे बंद होते व नुसता उपसा चालतो. दुसऱ्या बाजूला केली की धुणे आणि उपसणे दोन्ही चालते. मैल्याच्या वाटेवर खाली एक रबरी झडप आणि त्यापुढे, बाहेरच्या नळीच्या तोंडाशी, बदकाच्या चोचीसारखी मिटलेली दुसरी रबरी झडप असते, जिला खलाशी जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. आतून दाब आला की चोच उघडते, बाहेरून आला की मिटते. सगळ्या यंत्रात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर झिजणारा भाग हाच. ती चोच क्षारांमुळे ताठरली किंवा एखादा धागा तिच्यात अडकून राहिला, म्हणजे बाहेर लोटलेले पाणी हळूहळू भांड्यात परत येऊ लागते. रात्री कोरडे ठेवलेले भांडे सकाळी भरलेले दिसले, तर दोषाचा पहिला संशय याच झडपेवर घ्यावा.

परंतु रबराच्या तुकड्यावर नौकेचे तरंगणे सोपविणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून नळीला कमान देण्याची पद्धत आहे, आणि तिच्यामागचे भौतिकशास्त्र नीट समजून घेणे अगत्याचे आहे. भांड्याची कड बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असेल, तर पाण्याने भरलेल्या कोणत्याही सलग नळीतून समुद्र आत येऊ पाहतो. नळी वाटेत कितीही उंच गेली तरी, ती एकदा पाण्याने पूर्ण भरली की वक्रनलिकेच्या नियमाने प्रवाह चालू होतो आणि दोन्हीकडची पातळी समान होईपर्यंत थांबत नाही. नौका तरंगत असता ही समान पातळी कधीच येत नाही, कारण आत पाणी येईल तशी नौका खाली जाते. यावर उपाय दोन गोष्टींच्या संयोगाने होतो: नळी जलरेषेच्या पुष्कळ वर, नौका पूर्ण कललेली असतानाही किमान १५ ते २० सेंटीमीटर वर राहील अशी कमानीसारखी उचलावयाची, आणि कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारी एक बारीक झडप ठेवावयाची, म्हणजे पंप थांबताच हवा शिरून पाण्याचा धागा तुटतो. आत येणाऱ्या पाण्याच्या बाजूला ही कमान पंप आणि भांडे यांच्या दरम्यान असली पाहिजे. ती समुद्राकडून पंपाकडे येणाऱ्या शोषनळीत बसविली, तर पंप पाण्याऐवजी त्या छिद्रातून हवाच ओढीत राहतो. आणि मग कंटाळलेला मालक ते छिद्र बुजवून टाकतो, ज्यामुळे कमान दिसावयास असते पण तिचे रक्षण नाहीसे झालेले असते. जुनी नौका विकत घेणाऱ्याने हा दोष मुद्दाम शोधावा, कारण तो वारंवार आढळतो. शिवाय माथ्यावरच्या बारीक झडपेत मिठाचे खडे धरतात. वर्षातून एकदोनदा ती काढून कोमट गोड्या पाण्यात धुतली नाही, तर तिचे असणे-नसणे सारखेच.

या साऱ्या खबरदारीचे माप कळावे म्हणून थोडा हिशेब करू. बाहेर जाणाऱ्या नळीचा आतील व्यास सामान्यतः ३८ मिलिमीटर आणि आत येणारीचा १९ मिलिमीटर असतो. जलरेषेखाली ६० सेंटीमीटरवर ३८ मिलिमीटरचे भोक उघडे पडले, तर पाणी सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर वेगाने आत येते, आणि प्रवाहाचा होणारा संकोच जमेस धरूनही मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी नौकेत भरते. ताशी हा आकडा आठ टनांच्या वर जातो. बत्तीस फुटी नौकेचे स्वतःचे वजनही अनेकदा तितके नसते. हातपंपाने उपसणारा एक माणूस या प्रवाहाला पुरा पडणे अवघड. लहान नळीचे क्षेत्रफळ मोठीच्या चौथ्या हिश्शाइतके म्हणून तिच्यातून पाणीही चौथ्या हिश्शाइतके येते, परंतु नांगरून ठेवलेल्या, माणूस नसलेल्या नौकेला बुडवावयास तेवढेही पुरेसे आहे.

शौचकूपाच्या नळाने एक संबंध युद्धनौका घालविल्याचा दाखला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचा आहे. जर्मन आरमाराची यू-१२०६ ही पाणबुडी १४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेड गावाजवळच्या समुद्रात पाण्याखाली होती. जुन्या पाणबुड्यांतील शौचकूप फक्त पृष्ठभागाजवळ वापरता येत असे, कारण खोलवर बाहेरच्या पाण्याचा दाब पंपाला आवरत नसे. दर १० मीटर खोलीला हा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. यू-१२०६ वर मात्र खोल पाण्यातही चालणारी उच्च दाबाची व्यवस्था बसविलेली होती, आणि तिच्या झडपा ठराविक क्रमानेच उघडाव्या व मिटाव्या लागत. कप्तान कार्ल-अॅडॉल्फ श्लिट याने स्वतःच शौचकूपाची चुकीची झडप उघडली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु त्याच्या नंतरच्या निवेदनानुसार तो त्या वेळी इंजिनाच्या खोलीत होता, आणि पुढच्या शौचकूपाची दुरुस्ती करू पाहणाऱ्या एका यंत्रकाराच्या हातून पाणी आत आले. दोष कोणाचाही असो, परिणाम एकच झाला. पाणी खालच्या विद्युत्घटांच्या कोठीत उतरले, समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा त्या घटांशी संयोग होऊन विषारी क्लोरीन वायू सुटला, पाणबुडी वर आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही, वर येताच विमानांनी तिच्यावर हल्ला केला, आणि शेवटी ती सोडून देऊन बुडविण्यात आली. मनुष्यहानीही झाली. या कथेला अनेक लेखक थट्टेचा विषय करतात, हे मला योग्य वाटत नाही. बाहेरची झडप उघडी असता आतली उघडावयाची नाही, आणि झडप उघडी आहे की मिटलेली हे पाहिल्यावाचून यंत्राला हात लावावयाचा नाही, हा नियम त्या माणसांच्या जिवाच्या मोलाने लिहिला गेला आहे, आणि तीस फुटी नौकेवर तो जसाच्या तसा लागू आहे.

आता त्या झडपांकडे, म्हणजे बुडाच्या भोकांवर बसविलेल्या नळांकडे वळू. खलाशांच्या भाषेत यांना सीकॉक म्हणतात. यांचे आयुष्य धातूवर अवलंबून असते. साध्या पितळेत तांबे व जस्त सुमारे ६० आणि ४० या प्रमाणात असतात, आणि समुद्राच्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाऊन मागे गुलाबी, सच्छिद्र, ठिसूळ तांब्याचा सांगाडा उरतो. बाहेरून वस्तू शाबूत दिसते, पण हातोडीने हलके ठोकले असता तिच्यातून खणखणीत आवाज न येता बद्द आवाज येतो, आणि कानशीने थोडे घासले की पिवळ्याऐवजी गुलाबी धातू दिसतो. असा नळ एखाद्या दिवशी मूठ फिरविताना हातात तुटून येतो. ब्रॉन्झ, जस्तक्षयाला प्रतिकार करणारे विशेष पितळ किंवा काचतंतूने बळकट केलेले प्लास्टिक यांचे नळ महाग पडतात, परंतु या ठिकाणी काटकसर करणाऱ्याने आपण नेमके काय वाचवीत आहोत याचा विचार करावा. नळ चांगल्या धातूचा असला तरी तो फिरविला गेला पाहिजे. महिनोन्महिने उघडा ठेवलेला नळ क्षार आणि शिंपल्या धरून अडकून बसतो, आणि ज्या दिवशी नळी निसटते त्याच दिवशी तो मिटत नाही. म्हणून प्रत्येक वापरानंतर, निदान नौका सोडून जाताना, दोन्ही नळ बंद करण्याची सवय असावी. यामुळे नौका सुरक्षित राहते आणि नळही हलते राहतात. शंक्वाकार गाभ्याचे जुन्या धाटणीचे ब्रॉन्झ नळ, जे इंग्लंडातील असंख्य नौकांवर आजही आहेत, ते दर हिवाळ्यात नौका किनाऱ्यावर काढली की उघडून, बारीक घासणीच्या लेपाने नीट बसवून, पाण्यात टिकणारे वंगण भरून पुन्हा जुळवावे. अशी सेवा मिळालेले नळ पिढ्या दोन पिढ्या चालतात. प्रत्येक नळाच्या शेजारी त्याच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवण्याची जी जुनी चाल आहे, ती कधीही मोडू नये.

शौचकूपाची दुखणी मोजकी आहेत आणि त्यांची कारणे समजली की उपायही सुचतात. दुर्गंधीचे पाहा. नवशिका मालक मैल्याच्या नळीला दोष देतो, पण आठवडाभर बंद ठेवलेल्या नौकेत पंपाच्या पहिल्याच दट्ट्याबरोबर जी सडक्या अंड्याची घाण येते, ती बहुधा आत येणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या नळीतली असते. समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव नळीत अडकून मरतात, तेथला प्राणवायू संपतो, आणि मग पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्याला सुगंधी द्रव्य ओतणे हा उपाय नव्हे; नौका सोडण्यापूर्वी शेवटची धुलाई गोड्या पाण्याने करून ती नळी गोड्या पाण्याने भरून ठेवावी. मात्र यासाठी पिण्याच्या पाण्याची टाकी शौचकूपाला थेट जोडण्याचा मोह कोणालाही होऊ नये, कारण मैल्यातले जंतू उलट दिशेने टाकीत पोहोचण्याची शक्यता त्यात असते. भांड्यात तांब्याने पाणी ओतून पंप चालविला तरी बाहेरची बाजू धुतली जाते. मैल्याच्या नळीतून घाण येते की काय हे ताडून पाहण्याची जुनी रीत अशी की गरम पाण्यात पिळलेले फडके नळीवर घट्ट गुंडाळावे, गार झाल्यावर काढून दूर नेऊन हुंगावे. वास आला तर नळीच्या भिंतीतून गंध झिरपत आहे असे समजून ती संपूर्ण बदलावी, कारण अशा नळीला दुसरे औषध नाही.

दुसरे दुखणे नळीचे अरुंद होणे. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. मूत्रातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया झाला की पाण्याची अल्कता वाढते आणि हे क्षार नळीच्या भिंतीवर दगडासारखे जमू लागतात. काही वर्षांत ३८ मिलिमीटरच्या वाटेतून बोटही जात नाही अशी अवस्था येते. पंप जड चालू लागला, की पुष्कळजण बळ वाढवितात आणि सील फाडून घेतात. खरे पाहता यावेळी वाट तपासावयाची असते. सौम्य आम्ल, म्हणजे साधा शिरका, वेळोवेळी सोडून रात्रभर राहू दिला तर थर धरण्याची गती मंदावते. थर जुना आणि जाड झाला असेल, तर नळी काढून धक्क्याच्या दगडावर आपटावी. आतला कवचासारखा थर तुकडे तुकडे होऊन बाहेर पडतो. क्षार जमू न देण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र पुरेसा पंप मारणे हाच आहे. ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला १ लिटरहून थोडे अधिक पाणी मावते. नळी ३ मीटर लांब असेल तर साडेतीन लिटरच्या आसपास पाणी पुढे सरकल्यावाचून मैला नौकेबाहेर गेलेलाच नसतो. भांडे स्वच्छ दिसताच हात थांबविणाऱ्याच्या नळीत तो तसाच मुरत राहतो. तीव्र क्लोरीनयुक्त द्रव, रॉकेल वा यंत्राचे खनिज वंगण भांड्यात कधीही ओतू नये, कारण झडपांचे रबर त्यांनी फुगते किंवा ताठरते. दट्ट्यासाठी सिलिकोनचे वंगण योग्य. थंड देशांत हिवाळ्यात पंपातले पाणी गोठून नळकांडे तडकते, म्हणून तेथे प्रॉपिलीन ग्लायकॉल हे निर्विष द्रव पंपातून फिरवून ठेवण्याची तजवीज करतात.

दरवर्षी रबरी भागांचा संच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे, मग ते भाग चांगले दिसत असोत वा नसोत. या कामाला स्वच्छ हात आणि सकाळचा वेळ पुरतो. तेच काम समुद्रात, नौका हेलकावत असता, भरलेल्या नळकांड्यासह करावे लागले की त्याचे स्वरूप पालटते. गोव्यात बांधलेल्या तारिणी या नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली; अशा सफरीत एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत आठवडेच्या आठवडे जातात, आणि त्या मुदतीत जे बिघडेल ते दुरुस्त करणारा कारागीर नौकेवरील माणसांखेरीज दुसरा कोणी नसतो. सुट्या भागांचे महत्त्व त्यावरून कळावे.

नळकांड्याची आतली भिंत ओरखडली, दांड्याच्या भोवती सील बदलूनही पाणी झिरपत राहिले, किंवा भांड्याच्या बैठकीला तडा गेला, की मग दुरुस्तीचा हट्ट सोडून संपूर्ण यंत्र बदलावे. नवे यंत्र आणण्यापूर्वी जुन्याच्या बोल्टांच्या भोकांमधली अंतरे, भांड्याची उंची, आणि पंप उजव्या बाजूला आहे की डाव्या, हे मोजून लिहून ठेवावे. त्याच कारखान्याचा त्याच जातीचा नमुना मिळाल्यास बैठक पुन्हा घडविण्याचा व्याप वाचतो. काम शक्यतो नौका किनाऱ्यावर असताना करावे, कारण तेव्हाच नळ आणि बुडाची भोकेही तपासता येतात. नौका पाण्यात असताना करणे भाग पडले, तर आदल्या दिवसापासून भांड्यातून भरपूर गोडे पाणी बाहेर लोटावे, मग दोन्ही नळ मिटून, पंपाचे दोनचार दट्टे मारून ते खरोखर मिटले आहेत याची खात्री करून घ्यावी, आणि खुंट्या हाताशी ठेवूनच पहिली क्लिप सैल करावी. जुनी नळी ओढून निघत नाही. तिला पिळण्याच्या भरात नळाच्या तोंडावर ताण देणे धोक्याचे. त्यापेक्षा धारदार चाकूने लांबीच्या दिशेने चीर देऊन ती सोलून काढावी. खाली बादली, जुनी फडकी आणि भरपूर वर्तमानपत्रे असावीत, आणि हातात रबरी मोजे असावेत. नळीत नेहमीच कल्पनेपेक्षा अधिक द्रव शिल्लक असतो.

बैठकीखालचे लाकूड या वेळी जरूर पाहावे. वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने ते आतून कुजलेले असते, आणि कुजक्या लाकडात बसविलेले बोल्ट नौका कलली असता माणसाच्या वजनाने सुटतात. लाकूड बदलून, सुकवून, रंगवून मगच नवे यंत्र प्रथम कोरडेच बसवून पाहावे, सर्व नळ्या प्रत्यक्ष मार्गाने फिरवून मापाव्या, आणि मग कापाव्या; नळीत कोठेही खोलगट झोळ राहू नये, कारण तेथे मैला साचतो. नवी नळी मैल्याच्या वापरासाठीच बनविलेली, जाड भिंतीची घ्यावी. ती ताठ असते. टोक उकळत्या पाण्यात मिनिटभर धरले की मऊ होते आणि नळाच्या खाचांवर पूर्ण सरकते. प्रत्येक जोडावर दोन क्लिपा, त्याही संपूर्ण गंजरोधक पोलादाच्या, आणि त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. जलरेषेखालच्या जोडावर एकाच क्लिपेवर भिस्त ठेवणे हा गुन्हाच समजावा. सर्व जुळल्यावर आधी फक्त आत येणारा नळ उघडावा, कोरडी बोटे प्रत्येक जोडाभोवती फिरवून ओल पाहावी, मग दुसरा उघडावा, पंप चालवावा, पुन्हा पाहावे. त्या रात्री नळ मिटूनच झोपावे आणि दुसऱ्या दिवशी क्लिपा पुन्हा आवळाव्या, कारण नवी नळी एका दिवसात थोडी बसते.

एक बदल मात्र हल्ली यंत्राबरोबरच करावा लागतो, तो म्हणजे मैला साठविण्याच्या टाकीचा. ४०० टनांवरील किंवा १५ हून अधिक माणसे नेणाऱ्या जहाजांना लागू असलेल्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय सागरी प्रदूषणविरोधी कराराच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे, जे २००३ साली अमलात आले, प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडण्यास मनाई आहे. लहान नौकांसाठी देशोदेशी वेगळे कायदे आहेत. अमेरिकेत ३ सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडता येत नाही. स्वीडनने १ एप्रिल २०१५ पासून आपल्या संपूर्ण प्रादेशिक समुद्रात विहारनौकांना सक्त मनाई केली. बाल्टिकसारख्या कोंडलेल्या, उथळ समुद्रात शेवाळाची वाढ किती घातक ठरते हे पाहता हे निर्बंध मला सर्वथा न्याय्य वाटतात, आणि ज्या किनाऱ्यांवर असा कायदा नाही तेथेही नांगरणीच्या शांत खाडीत, जेथे शेजारच्या नौकेवरील मुले पोहत असतात, टाकी वापरणे हे प्रत्येक सुजाण नाविकाचे कर्तव्य आहे. टाकीला हवा खेळती ठेवणारी नळी रुंद असावी, कारण प्राणवायू मिळणाऱ्या टाकीत दुर्गंधी कमी होते. आणि टाकी बसविली तरी नळांची, कमानींची, क्लिपांची निगा तसूभरही कमी होत नाही. ज्यांना भोकेच नकोत त्यांच्यासाठी मूत्र वेगळे ठेवून घन मैला काथ्याच्या भुशात कोरडा मुरवणारी शौचकूपे निघाली आहेत. कोकणी माणसाच्या परिचयाचा नारळाचा भुसा अशा रीतीने परदेशी नौकांवर मोलाचा ठरला आहे. त्यांत मूत्राचे भांडे वारंवार रिकामे करण्याचा त्रास असतो, तरी दोनतीन माणसांच्या नौकेवर ती व्यवस्था अत्यंत समाधानकारक आहे.

उरली वापरणाऱ्याची शिकवण. नौकेवर नवा पाहुणा आला, की बाकी काही सांगण्यापूर्वी मालकाने स्वतः त्याला शौचकूपापाशी नेऊन खिट्टी कोणत्या बाजूला केव्हा करावयाची, दट्टे किती मारावयाचे, नळ कसे मिटावयाचे हे करून दाखवावे, आणि खाऊन पचलेल्या अन्नाखेरीज दुसरे काहीही भांड्यात टाकावयाचे नाही, कागदसुद्धा वेगळ्या पिशवीत जमा करावयाचा, असे निक्षून सांगावे. स्त्रियांच्या वापरातले पट्टे, मुलांचे ओले रुमाल आणि केसांचे गुंते हेच पंपाचे खरे वैरी. एवढे स्पष्ट बोलण्याचा संकोच धरणाऱ्या यजमानाला पुढे त्याच पंपाचे तुकडे हातात घ्यावे लागतात.

आणि जो वाचक जुनी नौका विकत घेण्याच्या विचारात असेल, त्याने शिडे उलगडून पाहण्याआधी शौचकूपाच्या शेजारची तक्तपोशी उचलावी आणि दोन्ही नळांच्या मुठी स्वतःच्या हाताने फिरवून पाहाव्या. त्या फिरत नसतील, तर नळ बदलल्याशिवाय ती नौका पाण्यात उतरवू नये.